बंड्यास: सीडी विकू नकोस

शाहूपुरी, कोल्हापूर

प्रिय बंड्या,

पत्र पोचलं. ‘प्लेअर दुरुस्त करू का गाणी कॉम्प्युटरवर घेऊ’ एवढं विचारायला चार पानं खर्ची घातलीस मर्दा!

कॉम्प्युटरवर घे. सीडीचा आवाज खरा नि फाइलचा खोटा, हे डोक्यातून काढ. सीडीवरही आकडेच असतात रे: सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटचा. 1982 पासून तोच हिशोब. तेच आकडे फ्लॅक नावाच्या फाइलमध्ये उतरवले की जागा साधारण निम्मी लागते आणि एकही बिट गळत नाही. कॉलेजात आपण एका सीडीत शंभर-सव्वाशे एमपीथ्री (जागा वाचवायला आवाज छाटलेल्या फाइली) कोंबायचो, तेव्हा तानपुरा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा वाजायचा. तो राग तू अजून कॉम्प्युटरवर काढतोयस.

पण सीडी विकू नकोस. 2019 च्या पुरात आमच्या खालच्या खोलीत पाणी शिरलं, तुला माहीतच आहे. ओसरल्यावर कपाट उघडलं तर पुस्तिकांचा लगदा, डब्यांत गाळ. तुझ्या वहिनीनं बादलीत कोमट पाणी नि जरासा साबण करून दिला. एकेक सीडी धुतली, मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसली (गोल पुसायची नाही, ओरखडा गोल गेला तर सलग बरंच काही जातं) आणि गच्चीत सावलीला वाळत घातली. दोनच गेल्या. त्यांची छापील बाजू सोलली होती. चंदेरी थर त्याच बाजूला, छपाईच्या लगेच खाली असतो. आपण मात्र जन्मभर खालची बाजू जपत बसलो! त्याच कपाटात सगळं उतरवून ठेवलेली हार्डडिस्क होती. ती गेली ती गेलीच.

मग सगळं पहिल्यापासून रिप केलं, म्हणजे सीडीवरून कॉम्प्युटरवर उतरवलं. आता दोन डिस्क आहेत, एक राजारामपुरीत ताईकडे. वैताग आला तो नावांचा. इंटरनेटवरून आपोआप आलेल्या यादीत गायिका केसरबाई तीन स्पेलिंगांत, राग एकच पण जौनपुरी एकीकडे नि जीवनपुरी भलतीकडे. केसरबाईंच्या गुरूंच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या गावात राहून हे कसं चालायचं? महिनाभर रात्री बसून हातानं दुरुस्त केलं.

कॉम्प्युटरच्या हेडफोनच्या भोकातून आवाज घेऊ नकोस, माझ्याकडं माउस हलवला की किर्र वाजायचं. साधा यूएसबी डॅक (आकड्यांचा आवाज करणारी बाहेरची डबी) घे, उरलेले पैसे स्पीकरवर घाल. आणि ‘गॅपलेस’ चालू कर, नाहीतर मैफलीच्या रेकॉर्डिंगात ट्रॅक बदलताना ऐन टाळ्यांत शांतता पडते.

माझा जुना प्लेअर अजून आहे. ट्रे अडकतो, बोटानं ढकलावा लागतो. रविवारी सकाळी त्याच्यावरच लावतो, कारण कॉम्प्युटरसमोर मी आलाप संपायच्या आत पुढचं शोधायला लागतो.

दसऱ्याला ये. तांबडा-पांढरा होईलच. येताना माझी ती मारवा रागाची सीडी आण. 2004 पासून तुझ्याकडं आहे, आणि ‘माझ्याकडं नाही’ असं लिहू नकोस, तुझ्या कपाटात मी बघितलीय.

तुझा,
दिग्या