ट्रायथलॉनसाठी तलावाचा एक पट्टा आखून द्या

मा. संपादक,
स. न.

मोठ्या शहरांतल्या ट्रायथलॉनचे निकाल हल्ली आपल्या क्रीडा पानावर दिसतात आणि मराठवाड्यातली मुले-मुलीही या खेळात उतरू लागली आहेत, ही फार आनंदाची गोष्ट आहे. निकालात पोहणे, सायकल आणि धावणे यांच्या वेळा छापून येतात. शर्यत हातची जाते ती मात्र पुष्कळदा या तिन्हींच्या मधल्या सांध्यांत, आणि त्याहूनही अधिक उघड्या पाण्यात. त्याविषयी जरा तपशिलाने लिहितो आहोत, कारण त्यातला एक भाग आपल्या प्रशासनाच्या हातात आहे.

व्यावसायिक खेळाडूचे शनिवार-रविवार कसे जातात, हे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या शर्यतीवरून कळते. तिथे बहुतेक वर्षी पहिल्या दिवशी स्प्रिंट अंतराची वैयक्तिक शर्यत असते: ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. दुसऱ्या दिवशी चौघांची (दोन स्त्रिया, दोन पुरुष) मिश्र रिले, त्यात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ३०० मीटर, ७ किलोमीटर आणि दीड-दोन किलोमीटर येतात. पोहणे भर शहरातल्या आल्स्टर तलावात होते आणि वाटेत पुलाखालचा अंधारा पट्टा लागतो. उन्हातून तिथे शिरणाऱ्याने गडद काचेचा चष्मा लावला असेल तर पुढच्याचे पायही दिसत नाहीत. पॅरिसला २०२४च्या ऑलिंपिकमध्ये सीन नदीचे पाणी दूषित आढळल्याने पुरुषांची शर्यत ३० जुलैवरून ३१ जुलैवर गेली. नदीला ओढ इतकी होती की परतीला खेळाडू काठाला चिकटून पोहत होते. असे पाणी तरणतलावात कधीच भेटत नाही.

पोहण्यात मागे पडल्याची किंमत सायकलवर मोजावी लागते. ऑलिंपिक पद्धतीच्या शर्यतीत दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवायला परवानगी असते आणि घोळक्यात हवेचा अडथळा बराच कमी होतो. पाण्यातून पंधरा-वीस सेकंद उशिरा निघालेल्याचा घोळका सुटतो. मग तो एकटा वारा कापत राहतो आणि धावायला उतरतो तेव्हा पायांत काही उरलेले नसते. हौशी वयोगटांत बहुधा उलटा नियम असतो: पुढच्यापासून शर्यतीनुसार १० किंवा १२ मीटर अंतर राखावे लागते, नाहीतर दंड. म्हणून सायकल घेण्याआधी मूल कोणत्या प्रकारात उतरणार ते ठरवा. पुढे लांब दांडे असलेली टाइम ट्रायल सायकल घोळक्याच्या शर्यतीत चालत नाही. लाखभर रुपये घालून तीच आणायची आणि मग दुसऱ्याची सायकल मागत फिरायचे, अशी वेळ पालकांवर येऊ नये.

प्रवासात सायकल खोक्यात भरताना डावे पेडल उलट्या आट्याचे असते हे ध्यानात ठेवा. जोर लावून चुकीच्या बाजूला फिरवले तर आटे जातात. मागचा गिअर हँगरवरून, म्हणजे तो ज्या लहान धातूच्या पट्टीवर बसतो तिच्यावरून, सोडवून फोममध्ये गुंडाळा. रेल्वेत खोक्यावर कोणाची बॅग पडली की पहिला वाकतो तो हँगर, आणि मग ऐन चढावर साखळी उड्या मारते. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकची पट्टी घाला, नाहीतर चुकून लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. सीटच्या नळीवर उंचीची खूण टेपने करून ठेवा. हँडलचे बोल्ट टॉर्क पान्यानेच (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळा. कार्बनवर अंदाजाचा हात चालत नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी नियम सांगण्याची बैठक असते, ती चुकवू नये. त्यानंतर सायकलचा मार्ग एकदा सावकाश पाहून यावा. शहरातल्या मार्गावर पूर्ण उलटी वळणे, गटाराची झाकणे, पट्ट्यांचा गुळगुळीत रंग आणि काही ठिकाणी ट्रामचे रूळ असतात. रूळ काटकोनातच ओलांडायचा, आणि पाऊस असेल तर टायरमधली हवा पाच-सात पीएसआय कमी ठेवायची. सायकल आदल्या दुपारीच रॅकवर लावून ठेवायची असेल तर हवा कमी करून ठेवा आणि पहाटे पुन्हा भरा, कारण उन्हात ट्यूब फुटते. आपली जागा ओळखायला टॉवेलचा रंग लक्षात ठेवून भागत नाही. पाण्याकडून येताना कितवी रांग, तिथून कितवा खांब, हे चालत जाऊन मोजून ठेवावे.

आदल्या रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि ठेचा नको. एरवी हेच उत्तम अन्न, पण त्यातला चोथा आणि तिखट धावताना पोटात कळ आणतात. भात, पातळ वरण, बटाटा पुरे. सकाळी सुटण्याआधी तीन तास पोहे किंवा उपमा. सायकलवरच्या बाटलीसाठी एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू एवढे पुरते. साखर दुप्पट केली तर ताकद दुप्पट मिळत नाही, पोट मात्र डचमळते.

ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याच्या जागेत, हेल्मेटचा पट्टा लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि सायकल परत रॅकला लागल्याशिवाय तो सोडायचा नाही. सायकलवर बसणे आणि उतरणे ठरलेल्या रेषेपाशीच. स्प्रिंटमध्ये अशा चुकीला १० सेकंद थांबण्याची शिक्षा होते आणि तेवढ्यात घोळका दिसेनासा होतो. बूट पेडलवर आधीच अडकवून रबरबँडने आडवे बांधतात, म्हणजे ते जमिनीला घासत नाहीत. पेडल फिरताच तो तुटायला हवा, म्हणून रबरबँड पातळ घ्यावा, जाड तुटत नाही. हे सगळे शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ आखून आठवड्यातून दोनदा घोटता येते, त्याला पैसा लागत नाही. सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा सरावही तसाच. वीस मिनिटे जोरात सायकल आणि लगेच पाच मिनिटे धावणे, असे तीन-चार फेरे करा. शर्यतीत पहिल्या किलोमीटरला पाय लाकडासारखे होतात. सरावाने ते लवकर मोकळे होतात.

मैदानावर होत नाही ते उघड्या पाण्यातले पोहणे. २५ मीटरच्या तरणतलावात १५०० मीटर (ऑलिंपिक शर्यतीतले पोहणे) म्हणजे ५९ वळणे. दर वळणाला भिंतीवर पाय मारून चार-पाच मीटर आयते मिळतात, म्हणजे एकूण अडीचशे मीटरच्या आसपास. तळाला काळी रेघ असते म्हणून डोके वर काढावे लागत नाही. तलाव-नदीत ना भिंत, ना रेघ. सहा-आठ हातांमागे मान थोडी उचलून बोया (वळणाची खूण म्हणून पाण्यावर तरंगता ठेवलेला फुगा) पाहिला नाही तर १५०० चे सहज १६०० मीटर होतात. शिवाय पहिल्या बोयापाशी गर्दीत लाथा बसतात आणि चष्मा निघतो, म्हणून त्याचा पट्टा टोपीच्या आत घ्यायचा. घाबरून श्वास लागणे हे तिथले नेहमीचे दुखणे, आणि त्यावर उपाय एकच: पाच-सहा जणांनी खांद्याला खांदा लावून पुन्हा पुन्हा सुरुवात करून पाहणे. तेही टंचाईच्या वर्षी आपल्याकडचे तरणतलावच बंद राहतात तिथे कुठे करायचे?

म्हणून आमची मागणी अशी आहे की जलसंपदा विभाग आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय यांनी मिळून प्रत्येक जिल्ह्यात एका सिंचन तलावाचा एक पट्टा ऑक्टोबर ते जानेवारी दर रविवारी सकाळी दोन तास पोहण्यासाठी राखावा. नाथसागर नको, ते पक्षी अभयारण्य आहे. पिण्याच्या पाण्याचे साठेही नकोत. लहान सिंचन तलाव पुरेसा आहे.

जागा मात्र उन्हाळ्यात ठरवावी. आपल्याकडचे बरेच तलाव मे महिन्यात तळ दाखवतात आणि या कामी ती मोठी सोय आहे. गाळ उपसलेले खड्डे, बुडणाऱ्या बाभळी, जुन्या विहिरींचे काठ तेव्हा उघड्यावर असतात. ते नकाशावर घ्यावेत आणि पट्टा त्यांच्यापासून दूर आखावा. पाटाच्या तोंडापासून किमान शंभर मीटर अंतर हवे, कारण आवर्तन सुटल्यावर तिथे पाणी आत ओढते. सांडवा वाहत असताना कोणालाही पाण्यात सोडू नये. तीन बोयांचा त्रिकोण, प्रत्येक बाजू १०० मीटर, पाच फेऱ्यांत १५०० मीटर. बोया म्हणून २० लिटरचे बंद कॅन नारिंगी रंगवून वाळूच्या पोत्याला दोरीने बांधले तरी चालतात. रब्बीच्या पाळ्या सुरू झाल्या की पातळी उतरते आणि ढिली दोरी पायांत अडकते, म्हणून ती दर आठवड्याला आखडून घ्यावी. पहिली बाजू पूर्वेकडे नसावी, सकाळचे ऊन डोळ्यांवर येऊन बोया दिसत नाही.

तलावावर मच्छीमार संस्थेचा ठेका असेल तर त्यांच्याशी आधी बोलावे, त्या दिवशी पट्ट्यातली जाळी काढून घ्यावी आणि त्यांचीच होडी मोबदला देऊन लावावी. दोन प्रशिक्षित जीवरक्षक, प्रत्येक पोहणाऱ्याच्या कमरेला ओढता फुगा, भडक रंगाची टोपी, आणि काठावर नोंदवही: आत किती गेले, बाहेर किती आले. आकडे जुळल्याशिवाय दुसरा गट पाण्यात जाणार नाही. पाण्याची तपासणी पावसाळा संपताच आणि नंतर महिन्यातून एकदा व्हावी. गोड्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत १०० मिलिलिटरमागे ई-कोलाय या (मैलापाण्याची खूण असलेल्या) जिवाणूची मर्यादा १००० आहे, तीच इथे धरावी. जोराचा पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस पोहणे बंद ठेवावे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे लेखी संमतिपत्र हवे आणि पहिले चार रविवार त्यांनी काठाला समांतर, पाय टेकेल एवढ्याच पाण्यात पोहावे.

आपले,
ट्रायथलॉनचा सराव घेणारे काही वाचक,
छत्रपती संभाजीनगर