तेतेबातूची जमीन आणि बेनामी व्यवहार

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला इंडोनेशियातल्या स्वस्त जमिनींवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लिहितो आहे. मी पश्चिम जावात पुर्वाकर्त्याला सूतगिरणीत नोकरी करतो. मुलांच्या शाळेला सुट्टी लागली की आम्ही लोंबोक बेटावरच्या तेतेबातू या गावी जातो. लेखात गावाचं नाव नाही, पण ‘रिंजानी ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावरचं, फारसं कुणाला ठाऊक नसलेलं खेडं’ म्हणजे एक तर तेतेबातूच, नाही तर त्याचं शेजारचं गाव. ‘विश्वासू स्थानिकाच्या नावावर जमीन घेऊन मिळेल’ हे त्यातलं वाक्य मला फार धोक्याचं वाटतं.

इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यानं जमिनीची पूर्ण मालकी, म्हणजे ‘हक मिलिक’, फक्त त्या देशाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाकडे थेट किंवा आडून मालकी जाईल असा कुठलाही व्यवहार कलम २६ प्रमाणे मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि विकणाऱ्याला दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. हे तिन्ही परिणाम त्या एकाच कलमात लिहिलेले आहेत. त्यातून जमीन शेतीची असेल, तर ती दुसऱ्या तालुक्यात राहणाऱ्या इंडोनेशियन माणसालाही ठेवता येत नाही. १९६१ पासून तसा नियम आहे, अपवाद मोजकेच. म्हणजे लोंबोकमधलं खाचर जकार्तातल्या ओळखीच्या माणसाच्या नावावर घेतलं, तर त्या व्यवहारात दुहेरी खोट.

माझ्या ओळखीच्या एका भारतीय गृहस्थांनी नेमकं हेच केलं. जमीन त्यांच्या ड्रायव्हरच्या नावावर, आणि कपाटात एक खाजगी करार. ड्रायव्हर भला माणूस होता, त्यानं कधीच फसवलं नाही. तो अचानक वारला. कायद्यानं जमीन बायको-मुलांकडे गेली. आता ती मंडळी म्हणतात, कागदावर आमच्या माणसाचं नाव आहे. कोर्टात जायचं तर करार पुढे ठेवावा लागेल आणि तो करारच बेकायदा. त्यात त्या विधवेचं काय चुकलं, हे मला तरी सांगता येत नाही.

सरळ मार्ग आहेत. तिथं राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला ‘हक पाकाई’, म्हणजे ठरावीक मुदतीचा वापराचा हक्क, मिळू शकतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे ३० वर्षं, मग २० वर्षं वाढ आणि त्यानंतर ३० वर्षांचं नूतनीकरण. नाही तर नोटरीसमोर रीतसर भाडेपट्टा. दलाल दाखवतो तो कागद पुष्कळदा जमिनीच्या कराची पावती असते. ती मालकीचा पुरावा नाही. जमीन कार्यालयाचं प्रमाणपत्र मागावं, ते त्याच कार्यालयात तपासून घ्यावं आणि सगळे वारस सहीला हजर आहेत का ते बघावं. घर बांधायचंच असेल तर २०१८ चा भूकंप लक्षात ठेवावा. त्या ऑगस्टमध्ये लोंबोकवर पाचशेहून जास्त माणसं गेली, आणि पडली ती प्रामुख्यानं सळई न घालता रचलेली विटांची घरं.

पण मला कायद्याइतकंच पाण्याबद्दल बोलायचं आहे. तेतेबातूत भाताची खाचरं उतरत उतरत खाली जातात, कोरड्या हंगामात तिथंच पूर्व लोंबोकची तंबाखू लागते. पाणी रिंजानीकडून पाटानं येतं आणि कुणाच्या शेतात किती वेळ सोडायचं हे ‘पेकासिह’ नावाचा गावानं नेमलेला माणूस ठरवतो. आम्ही ज्यांच्या घरी उतरतो त्यांना सगळं गाव पाक हाजी म्हणतं. एका संध्याकाळी ते मला बांधावर घेऊन गेले. पाटाला एक दगड लावून ओलं फडकं कोंबलेलं होतं, एवढ्यावर दोन शेतांची पाळी ठरलेली. पलीकडे पाटाच्या तोंडाशीच एका नव्या बंगल्याचा पाया खणला होता. ते म्हणाले, “पोहण्याचा तलाव करणार आहेत म्हणे. मग खालच्यांनी पाळी कुणाकडे मागायची?” त्यांचे दोन्ही मुलगे मलेशियात पामच्या मळ्यावर आहेत. या भागातल्या किती तरी घरांची हीच गोष्ट आहे. उरलेलं शेत ही त्या मुलांची परत यायची जागा आहे.

म्हणून वाचकांना माझी कळकळीची सूचना : तेतेबातूला जा, राहा, पैसे गावात खर्च करा. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या ‘सर्वोत्तम पर्यटन ग्राम’ स्पर्धेसाठी इंडोनेशियानं सुचवलेल्या तीन गावांत हे एक होतं. जकार्ता किंवा क्वालालंपूरहून लोंबोकला थेट विमान आहे, विमानतळापासून गाडीनं साधारण दीड तास. बालीतून यायचं तर पाडांगबाई ते लेंबार फेरीबोट चार-पाच तास घेते. भारतीयांना विमानतळावरच ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, शुल्क पाच लाख रुपिया, आणि तो एकदा आणखी ३० दिवस वाढवता येतो. घरगुती मुक्काम अडीच-तीन लाख रुपियात न्याहारीसकट होतो. मे ते सप्टेंबर हवा कोरडी. रोख पैसे जवळच्या मासबागिक गावच्या बाजारातच काढून ठेवा. शाकाहारी असाल तर टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, पालेभाज्या भरपूर. फक्त ‘तेरासी’ म्हणजे स्वयंपाकात घालतात ती आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट नको हे आधी सांगा. पहाटे अजान होते, रविवारी लग्नाच्या वरातीनं रस्ता अडतो; त्याची चिडचिड करू नये, गाव त्यांचं आहे.

आणि जवळच्या प्रिंगासेला या विणकरांच्या गावी जाच. माझा जन्म सुतात गेला, तरी तिथल्या बायका ओसरीवर बसून विणतात ते बघताना मी हलत नाही. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं कमरेमागच्या लाकडी पट्टीला. ताणा घट्ट हवा तर बाई मागे रेलते, सैल हवा तर पुढे झुकते. आमच्या गिरणीत ताण मोजायला यंत्र असतं. एका कापडाला कित्येक आठवडे जातात. मागतील ती किंमत द्या, घासाघीस करू नका.

आपल्या पुरवणीचा वाचकवर्ग मोठा आहे आणि त्यात निवृत्तीची पुंजी हातात असलेले पुष्कळ आहेत. अशा जमिनींवर पुन्हा लेख किंवा जाहिरात छापाल तेव्हा सोबतच्या चौकटीत कलम २६ चा मजकूर मराठीत द्यावा, आणि आधीच्या लेखातल्या त्या वाक्याबद्दल खुलासा करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुर्वाकर्ता, इंडोनेशिया