घरी बांधलेल्या कयाकचा रंग

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्लायवुडचे तक्ते तारेने शिवून, सांधे इपॉक्सीने (दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेने) भरून आणि वर काचेच्या तंतूंचे कापड चढवून घरच्या घरी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी होडी, बांधणारे हौशी लोक लाकूड निवडताना आयएस ७१० चा (मरीन प्लायवुडच्या भारतीय मानकाचा) शिक्का तपासून घेतात, रंगाची निवड मात्र दुकानदारावर सोडतात. दुकानदारही होडीचे नाव ऐकताच कधी शेवाळ आणि होडीच्या तळाला चिकटणारे बार्नेकल हे शिंपलेवजा जीव रोखणारा, तांब्याची संयुगे असलेला महागडा रंग पुढे करतो. तो रंग बाराही महिने पाण्यात नांगरून ठेवलेल्या होड्यांसाठी असतो. फेरी संपताच खांद्यावर घेऊन घरी नेल्या जाणाऱ्या कयाकला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

येथे पाणी अडवण्याचे काम इपॉक्सीच करते. रंगाने अडवायचे असते ते ऊन, कारण अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळे पडते आणि त्याच्या पृष्ठभागाची खडूसारखी भुकटी होऊ लागते. या कामाला दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग सर्वांत टिकाऊ, असे माझे स्पष्ट मत आहे. वाळूवर घासले जाणे तो साध्या ऑइल पेंटपेक्षा कितीतरी चांगले सोसतो. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग घट्ट करणाऱ्या दुसऱ्या घटकात, आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असल्यामुळे घरी फवारणी मुळीच करू नये. ब्रश किंवा रोलरने, हातमोजे आणि रसायनांच्या वाफा रोखणारा मास्क वापरून, मोकळ्या हवेतच तो लावावा. हवेतील ओलाव्याशी हार्डनरची प्रक्रिया होऊन बुडबुडे येतात, म्हणून कोकणात हे काम पावसाळ्यात काढण्यात अर्थ नाही. ऑइल पेंट स्वस्त आहे, डागडुजीला सोपा आहे आणि कोरड्या जागी ठेवल्या जाणाऱ्या कयाकवर बऱ्यापैकी टिकतो. पण काही इपॉक्सींवर तो कित्येक दिवस चिकटच राहतो, तेव्हा आधी कोपऱ्यात थोडा लावून पाहणे शहाणपणाचे.

रंग कोणताही घेतला, तरी इपॉक्सी घट्ट होताना त्यावर अनेकदा येणारा मेणचट थर आधी काढलाच पाहिजे. तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे थिनर न वापरता साध्या पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुऊन, वाळवून, मगच पॉलिश पेपर फिरवावा. रंगाचे पोपडे निघाले की लोक कंपनीला दोष देतात, पण कारण पुष्कळदा या राहून गेलेल्या धुण्यात असते. गडद छटा उन्हात फार तापतात आणि तापलेले इपॉक्सी मऊ पडते. पांढरा रंग थंड राहतो खरा, पण फेसाळत्या लाटांत दिसत नाही. पिवळा त्या मानाने बरा.

रंग उत्पादकांना विनंती अशी की, दोन घटकांचे रंग लहान डब्यांत सहज मिळावेत आणि मिश्रणाचे प्रमाण, मिसळल्यानंतर वापरण्याची मुदत, रंगाच्या दोन थरांमध्ये सोडायचा वेळ व हवेतील आर्द्रतेची मर्यादा डब्यावर ठळक मराठीत छापावी.

आपला,
एक वाचक, मालवण