आमच्या बांधाला खांड पडली आहे, मंत्रिमहोदय

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी एका सरकारी कार्यालयात साहेबांनी माझ्या अर्जावरचं नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, "तुम्ही लोक सगळे इस्राएलला गेलात ना? मग शेती कसतं कोण?" मी हातावरचे घट्टे दाखवले. त्यांनी पाहिले नाहीत. शेतकरी असल्याचा दाखला आणा म्हणाले.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा यहुदी. अलिबाग तालुक्यात, खाडीकाठच्या खारेपाटात माझी 2 एकर भातशेती आहे. आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथंच पुरलं, असं आजी सांगायची. ती जागा नवगावात आजही आहे. वाचलेले गावोगाव पांगले. घाणा चालवला, भात लावलं, नारळ जोपासले. शनिवार आमचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावानं शनिवार तेली म्हटलं. किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आमची आडनावं. गावाचं नाव अंगावर वागवणाऱ्याला तुम्ही कुठले म्हणून विचारता?

दोन वर्षांपूर्वी उधाणात खारबांधाला, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड पडली, तो फुटला. पावसाआधी बांधून देतो, असं गावासमोर सांगितलं गेलं. दोन पावसाळे गेले. खारं पाणी रोज आत येतं, रोज जातं. भाताच्या जागी खारफुटी उगवली आहे आणि ती तोडायला कायद्यानं बंदी. म्हणजे बांध तुम्ही घालायचा नाही आणि शेत मी साफ करायचं नाही. वडील शेवटच्या आजारात अंथरुणावरून एकच विचारायचे, खांड बुजली का? मी हो म्हणालो. आयुष्यात त्यांच्याशी तेवढंच खोटं बोललो, आणि ते अजून टोचतं.

2016 साली राज्यानं आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला. आभार. पण त्या दर्जानं माझ्या शेतातलं मीठ धुतलं नाही. पाहुणे आले की त्यांना इस्राएल आळीतली मशीद, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, दाखवता, आमचा संदेष्टा एलियाहू हन्नाबी याच्या टाप्यावर, त्या पवित्र जागी, नेता. मलिदा, आमचा पोह्यांचा प्रसाद, आम्हीही प्रेमानं देतो. त्या मलिद्याचे पोहे कुठल्या भाताचे, हे कुणी विचारत नाही. इस्राएलला गेलेल्या माझ्या चुलत्यांना, तुम्ही खरे यहुदी का, असं विचारलं गेलं. 1964 साली तिथल्या संसदेला बेने इस्राएल खरे यहुदी असल्याचं जाहीर करावं लागलं. इकडे मला विचारतात, तुम्ही खरे शेतकरी का. माणसानं किती ठिकाणी स्वतःला सिद्ध करायचं?

आणि हे एकट्या माझंही नाही. शेजारचे आगरी शेतकरी याच बांधावर उभे आहेत. खारेपाटातली हजारो एकर जमीन अशीच गेली. भात पिकवणारा माणूस टिकला काय नि गेला काय, या राज्यकारभाराला फरक पडत नाही, मग तो कुठल्याही देवाला हाक मारो.

खांड बुजवा, उघाडीला, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराला, नव्या झडपा बसवा आणि दाखल्यासाठी मला पुन्हा त्या टेबलासमोर उभं करू नका. अमावास्येला पुन्हा उधाण आहे. मी बांधावर असेन.

आपला,
एक बेने इस्राएल शेतकरी,
तालुका अलिबाग, जिल्हा रायगड