आईच्या ताटात नुसता रस्सा

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, रागवायचं ते आधीच रागवून घ्या. मटणवाल्याला मी फोन केलाय. दर रविवारचं मटण बंद, महिन्याचा पहिला रविवार तेवढा राहील. मंगाईच्या यात्रेला मात्र हात लावलेला नाही. पाहुण्यांना मटण नाही म्हटलं तर वडगावात मला तोंड दाखवता यायचं नाही.

पोरगी तुम्हाला माळकरी करायला निघाली, असं आत्या म्हणेल. म्हणू दे. स्टेंट बसल्यावर डॉक्टरांनी चरबी कमी करा म्हणून सांगितलं, तर तुम्ही दोन फोडी कमी घेतल्या आणि वरचा तवंग भाकरीनं पुसून खाल्लात. मी बघत होते की!

पण तुमच्यापेक्षा जास्त काळजी आईची आहे. आई, तू मटण खातेस कुठं? फोडी बाबांना, फोडी आम्हाला, तुला रस्सा. रश्श्यात चव उतरते, प्रथिनं बरीचशी फोडीतच राहतात. बाकीचे दिवस भात आणि पातळ सार. दिवाळीत तुझ्या बांगड्या पार वर सरकताना पाहिल्या आणि मला जेवण गेलं नाही. वय झालं की स्नायू झिजतात. तुझ्या 50 किलो वजनाला रोज 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत.

कोरड्या मसुरीत 100 ग्रॅमला 24 ग्रॅम असतात, पण वाटीभर घट्ट आमटीत सात-आठच येतात. म्हणून एकट्या मसुरीवर भागायचं नाही. दोन्ही जेवणांत घट्ट आमटी किंवा उसळ, सकाळी दोन अंडी (सहा-सहा ग्रॅम), दही, शेंगदाण्याची चटणी. ज्वारीच्या भाकरीत जे कमी असतं ते डाळ भरून काढते, म्हणजे आजीचं जेवण बरोबरच होतं. येळ्ळूरची मसूर तर बाबा, तुम्हीच पारखून आणता. अख्खा मसूर रविवारच्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणातच कर, आई. मधल्या एखाद्या रविवारी बांगडा आणा, तळू नका.

बाबा, नळी ताटावर आपटून मगज माझ्या भाकरीवर टाकायचात ना? तुम्हाला कधी उरायचाच नाही. आता पहिल्या रविवारची नळी तुमची, मी मागणार नाही.

आणि हे ऐका. जेवणाला लागून चहा नको, लोह अंगी लागत नाही, तासभर थांबा. आमटीवर लिंबू पिळा. पुढच्या तपासणीत दोघांचं बी-12 बघायला सांगा. किडनीचे रिपोर्ट चांगले आलेत म्हणून हे सगळं लिहितेय. काही वेगळं निघालं तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आई, आधी बाबांना वाढून मग उरलंसुरलं खायचं बंद. दोघांनी एकदम बसायचं. अंड्यांचे पैसे दुकानात दिलेत, परत पाठवू नका.

तुमची,
धाकटी