आधी बोर्डिंग पास पाहणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

दोहाच्या हमाद विमानतळावर, ट्रान्झिटमधल्या हॉटेलच्या जलतरण तलावापाशी तुम्ही काउंटरवर असता. भारतातून युरोप-अमेरिकेला जाता-येता तिथे थांबणारे आम्ही मराठी प्रवासी हे पत्र लिहितो आहोत. पैसे घेण्याआधी तुम्ही बोर्डिंग पास मागता आणि बोर्डिंगच्या वेळेपासून उलटा हिशेब मांडता, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

तो हिशेब आम्हाला आता पाठ झाला आहे. विमान टेकल्यापासून सुरक्षा तपासणी संपेपर्यंत ४५ मिनिटं, तलावापर्यंत चालत १५, नोंदणी आणि कपडे बदलणं १५, पाण्यात ४०, अंघोळ करून केस वाळवून तयार व्हायला २५, गेटपर्यंत आणखी २५. बोर्डिंग विमान सुटण्याच्या तासभर आधी सुरू होतं, तो तास धरला की पावणेचार तास झाले. थांबा तीन तासांचा असेल तर "नुसता शॉवर घ्या, पोहू नका" असं तुम्ही स्पष्ट सांगता. समोर आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला मोठं मन लागतं. गेट उत्तरेकडच्या टोकाला असेल तर इमारतीतल्या ट्रेनने जा, आणि अमेरिकेचं विमान असेल तर गेटवर पुन्हा तपासणी होऊ शकते म्हणून अर्धा तास जास्त धरा, हेही तुम्हीच सांगता.

घड्याळाबद्दल तुम्ही सांगितलेलं फार मोलाचं. भारतातून जाताना मनगटावरचं घड्याळ दोहाच्या अडीच तास पुढे असतं. चुकलंच तर माणूस गेटवर लवकर पोहोचतो. लंडनहून परतताना मात्र ते हिवाळ्यात ३ आणि उन्हाळ्यात २ तास मागे असतं. पोहताना फोन लॉकरमध्ये असतो, भरवसा त्याच घड्याळावर, आणि विमान तिथेच हुकतं.

बहुतेकांचं घोडं अडतं ते कपड्यांवर. मोठी बॅग थेट पुढच्या विमानात जाते, म्हणून पोहण्याचा पोशाख, टोपी आणि चष्मा हातातल्या बॅगेतच हवा. सुती टी-शर्ट किंवा बर्म्युडा घालून उतरू नये, धागे गाळणीत अडकतात. शाम्पू १०० मिलीच्या आतल्या बाटलीत हवा, नाहीतर तपासणीतच जातो. लाउंजचा पास असला म्हणजे तलावही त्यातच आला असं समजू नये, त्याचं शुल्क वेगळं.

ओला पोशाख पिळून पिशवीत कोंबला की बॅगेतले कागद भिजतात. तुम्ही दाखवलेली युक्ती अशी: पोशाख कोरड्या पंच्यावर पसरायचा, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करायची, तिच्यावर गुडघा टेकवून दाबायचं. पाणी पंचा पितो आणि पोशाख नुसता दमट राहतो. मग झिपच्या पिशवीत. पंच्यासारखं पातळ, झटपट वाळणारं कापड प्रवासात दुसरं नाही.

अंगठ्या आधीच काढायला लावता तेही बरोबरच. गार पाण्यात बोटं आकसतात, अंगठी सैल होऊन तळाशी जाते; चांदी तर क्लोरीनने काळवंडते. मंगळसूत्र, पासपोर्ट आणि बोर्डिंग पास एकाच बटव्यात ठेवून लॉकरमध्ये, म्हणजे निघताना शोधायची वस्तू एकच.

तब्येतीबाबतही तुमचा सल्ला नेमका. विमानातली हवा फार कोरडी असते आणि क्लोरीनने त्वचा आणखी सुकते, म्हणून अंघोळीनंतर लगेच क्रीम आणि दोन पेले पाणी. गरम पाण्याच्या जकुझीत दहा मिनिटंच. रक्तदाब उतरतो, एकदम उठलं की भोवळ येते. सर्दीने कान बंद असतील तर पाण्यात डोकं घालू नये. तारकर्लीला स्कूबा केलेल्यांना एक शंका हमखास असते. डायव्हिंगनंतर १२ ते १८ तास विमान टाळायला सांगतात, मग इथे कसं चालतं? स्कूबात दाबाखालची हवा श्वासात घेतल्याने रक्तात नायट्रोजन विरघळतो. साध्या पोहण्यात तसं काही होत नाही, हे तुम्ही दोन वाक्यांत समजावता.

रात्री-अपरात्री, थकलेल्या आणि घाईतल्या माणसांना तुम्ही हे सगळं न कंटाळता, आमच्याच भाषेत सांगता. तुमच्या पाळीतल्या सहकाऱ्यांनाही आमचा नमस्कार कळवा.

आपले,
दोहामार्गे ये-जा करणारे काही मराठी प्रवासी