पक्या, तिला स्कूटर म्हणू नकोस

प्रिय पक्या,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. होंडाची एक्स-एडीव्ही घेऊ की सरळ बाईक, असं विचारतोस आणि वर "शेवटी मोठी स्कूटरच ना ती", तिथेच आपलं भांडण आहे. दिसायला स्कूटर आहे रे, पुढे काच, सीटखाली डिकी, पण वरचं प्लास्टिक काढलं की आत मोटारसायकलच.

नेहमीच्या स्कूटरमध्ये इंजिन, व्हेरिएटर (गिअरऐवजी असलेली पट्ट्याची यंत्रणा) आणि मागचं चाक मिळून एकच गठ्ठा असतो, खड्डा आला की तो अख्खा वरखाली होतो, म्हणून सस्पेन्शनला जड जातं आणि कंबरेला जास्तच. हिचं इंजिन फ्रेममध्ये फिट बसवलंय, मागे चाक धरणारा वेगळा हलता दांडा म्हणजे स्विंगआर्म, एकच शॉकअॅब्सॉर्बर म्हणजे मोनोशॉक, आणि चेन. पुढे १७ इंची चाक, मागे १५. आता तू म्हणशील यामाहाच्या टीमॅक्स स्कूटरचंही इंजिन फ्रेममध्येच असतं, बरोबर, पण तिथे गिअर नाहीत, सीव्हीटी म्हणजे तीच पट्ट्याची यंत्रणा आहे, आणि खरा फरक तिथेच पडतो.

कारण हिच्यात डीसीटी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. एक क्लच १-३-५ हे गिअर सांभाळतो, दुसरा २-४-६, एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवलेला असतो, मग फक्त एक क्लच सुटतो नि दुसरा पकडतो, ओढ तुटतच नाही. सीव्हीटीत आधी इंजिन ओरडतं मग गाडी पळते ना, तसं इथे नाही, अॅक्सिलरेटर पिळला की जोर सरळ चाकाला. ऑटोवर ठेव नाहीतर डाव्या हाताच्या बटणांनी गिअर टाक. होंडाने हे बाईकमध्ये पहिल्यांदा २०१० च्या व्हीएफआर १२०० मध्ये आणलं, मग २०१२ च्या इंटेग्रात, म्हणजे होंडाच्याच आधीच्या स्कूटरसारख्या दिसणाऱ्या गाडीत, आणि माझ्या मते ते खरं शोभलं ते इंटेग्रातच.

एक्स-एडीव्हीचं इंजिनही इंटेग्राच्याच घराण्यातलं. आधी ६७० सीसी होतं, मग बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी ७३ वरून ७७ मिमी केली, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ८० तशीच ठेवली, झालं ७४५ सीसी. बोअरपेक्षा स्ट्रोक मोठा, त्यामुळे ताकद इंजिन कमी फिरत असतानाच मिळते, २०२१ च्या मॉडेलला ६९ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) ४७५० आरपीएमलाच. पॉवर ५८.६ पीएस, ७४५ सीसीच्या मानाने कमीच, पण तुला कुठे रेस लावायचीय. सिलिंडर जवळजवळ आडवे झोपवलेत म्हणून वजन खाली राहतं. आवाज मात्र स्कूटरचा नाही, २७० डिग्री क्रँक आहे, म्हणजे दोन सिलिंडर समान अंतराने पेटत नाहीत, त्यामुळे व्ही-ट्विनसारखा (व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनासारखा) धडधडतो.

आता तुला न आवडणाऱ्या गोष्टी. वजन २३६ किलो, सीट ८२० मिमी उंच आणि वर रुंद, तुझे पाय पूर्ण टेकतील असं वाटत नाही. पायाजवळ सपाट जागा नाही, मधे उंच बोगदा आहे, पिशवी विसर. डिकी २२ लिटर, टाकी १३.२. चेन साफ करून तेल घालत बसावं लागणार. बंद केली की गाडी न्यूट्रलला जाते, गिअरमध्ये टाकून उतारावर उभी करता येत नाही, म्हणून वेगळा पार्किंग ब्रेक आहे, तो लावायची सवय कर.

आणि डावा लिव्हर क्लच नाही, मागचा ब्रेक आहे! इतकी वर्षं बाईक चालवलेला तुझा हात सिग्नलला तो आपसूक दाबणार आणि मागचा माणूस हॉर्न मारणार. यू-टर्नला क्लच अर्धा सोडून तोलायची सोय पण नाही, थोडा मागचा ब्रेक धरून हळू अॅक्सिलरेटर पिळायचा, जमतं ते. टेस्ट राईड मिळाली तर हायवेवर पळवत बसू नकोस, अरुंद गल्लीत वळवून बघ, मागे वहिनींनाही बसव, आणि मग फोन कर.

तुझा,
सुन्या